कायमचं द्या, पण सगळं देऊ नका: गाणं, गेम आणि कॉपीराइट

प्रश्न इचलकरंजीच्या एका तरुण गायक-संगीतकाराचा आहे. त्याने तुकोबांचा एक अभंग विकतच्या कराओके ट्रॅकवर गाऊन यूट्यूबवर टाकला. खाली मूळ संगीतकाराचं नावही दिलं, तरी क्लेम, म्हणजे कॉपीराइटचा दावा, आला. रात्री तो बीजीएमआय हा मोबाइल गेम खेळताना लाइव्ह जातो आणि मागे गाणी लावतो, तर तिथे स्ट्रीम मध्येच तुटला. आता पुण्यातल्या एका छोट्या गेम स्टुडिओने त्याच्याकडे पार्श्वसंगीत मागितलंय. 40,000 रुपये एकरकमी आणि बदल्यात 'फुल बायआउट, ऑल राइट्स', म्हणजे सगळे हक्क स्टुडिओला. सही करू का, असं तो विचारतोय. मी जाहिराती, मराठी चित्रपट आणि अलीकडे गेम या तिन्हींसाठी संगीत करतो आणि सहीआधी कागद स्वतः वाचतो, म्हणून त्यालाच उद्देशून जरा सविस्तर लिहितो.

आधी अभंगाचं. क्रेडिट देणं म्हणजे परवानगी घेणं नव्हे. नाव देणं हे कर्त्याचं वेगळं देणं आहे, कायद्याच्या कलम 57 मधलं. ते दिल्याने वापराची परवानगी मिळत नाही. 'तीस सेकंदांपर्यंत चालतं' हेही कुठेच लिहिलेलं नाही, तरी प्रत्येक स्टुडिओत कुणीतरी ते छातीठोकपणे सांगतंच.

गाण्याच्या सातबाऱ्यावर निदान तीन नावं असतात. शब्द गीतकाराचे, चाल संगीतकाराची आणि ध्वनिमुद्रण ते करवून घेणाऱ्या कंपनीचं. शब्द आणि चाल यांचं संरक्षण कर्त्याच्या हयातीत आणि मृत्यूनंतर 60 वर्षं, तर ध्वनिमुद्रणाचं प्रसिद्ध झाल्यापासून 60 वर्षं. मोजणी पुढच्या कॅलेंडर वर्षापासून सुरू होते. (पूर्वी ही मुदत 50 वर्षं होती. रवींद्रनाथांच्या साहित्याची मुदत 1991 अखेर संपत होती, तेव्हा ती घाईघाईने 60 करण्यात आली.) म्हणजे तुकोबांचे शब्द तुमचे-माझे, सगळ्यांचे. पण लताबाईंनी गायलेल्या तुकोबांच्या अभंगांच्या चाली श्रीनिवास खळे यांच्या आहेत. खळेकाका 2011 मध्ये गेले, म्हणजे त्या चाली 2071 अखेरपर्यंत संरक्षित. गीतरामायणाचं उदाहरण घ्या. ते 1955 मध्ये आकाशवाणी पुणे केंद्रावर सुरू झालं. गदिमा 1977 मध्ये गेले, त्यामुळे शब्द 2037 अखेर मोकळे होतील. सुधीर फडके 2002 मध्ये गेले, त्यामुळे चाली 2062 अखेर. एकाच गीताचे शब्द मोकळे आणि चाल बांधलेली, अशी मध्ये 25 वर्षं जाणार आहेत. तोवर मुलांनी ते शब्द नव्या चालीत बांधले तर कायद्याची हरकत नसेल. रसिकांची असेल, तो भाग निराळा.

तुमचा कराओके ट्रॅक विकणाऱ्याने काय विकलं? त्याने नव्याने वाजवून घेतलेलं ध्वनिमुद्रण. चालीची परवानगी त्याच्याकडे होती का, आणि असली तरी ती तुमच्या यूट्यूब व्हिडिओपर्यंत पोचते का, हे पावतीवर कधीच लिहिलेलं नसतं. बहुतेक वेळा पोचत नाही.

मग कव्हर, म्हणजे आधीचं गाणं आपल्या आवाजात, गाण्याचा सरळ कायदेशीर मार्ग नाही का? कायद्यात आहे. 2012 च्या दुरुस्तीने कलम 31सी आलं. मूळ ध्वनिमुद्रण झालेलं वर्ष संपल्यावर पाच वर्षांनी, आगाऊ सूचना आणि आगाऊ रॉयल्टी देऊन कव्हर काढता येतं. पण रॉयल्टी वर्षाला किमान 50,000 प्रतींची भरायची, आणि कव्हर शेवटच्या ध्वनिमुद्रणाच्याच माध्यमात काढायचं, ते माध्यम बाजारातून गेलेलं नसेल तर. हे कलम कॅसेटच्या जमान्यातल्या 'व्हर्जन रेकॉर्डिंग'वाल्यांना डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेलं आहे. इचलकरंजीत खोलीत माइक लावून गाणाऱ्याला त्याचा काडीचा उपयोग नाही.

ही रिकामी जागा भरली ती यूट्यूबच्या कंटेंट आयडीने. 2007 पासून ही यंत्रणा चालू आहे. कंपन्या आपली ध्वनिमुद्रणं तिच्याकडे देतात, यंत्र प्रत्येक नव्या व्हिडिओतला आवाज त्यांच्याशी ताडून पाहतं, आणि आता नुसतं ध्वनिमुद्रण नाही तर चालही ओळखतं. जुळलं की क्लेम. क्लेम म्हणजे शिक्षा नव्हे. व्हिडिओ सहसा राहतो, फक्त जाहिरातीचे पैसे हक्कदाराकडे वळतात. म्हणजे जी परवानगी तुम्हाला कायद्याने परवडणारी नव्हती, ती एका खासगी कंपनीच्या धोरणाने आपोआप मिळाली, किंमत तुमची कमाई. डिजिटल तंत्राने कॉपीराइटमध्ये केलेला सगळ्यात मोठा बदल मला हाच वाटतो. कायदा कागद बघतो, यंत्राला फक्त आवाज कळतो, आणि रोजचा न्याय यंत्रच करतं.

म्हणून तुमच्या अभंगावरचा क्लेम तसाच राहू द्या. 'डिस्प्यूट', म्हणजे क्लेमला आव्हान देणारं बटण, दाबू नका. दाबलात तर समोरच्याला 30 दिवस मिळतात. त्याने नाकारलं आणि तुम्ही अपील केलंत, की तो व्हिडिओ काढून टाकायची नोटीस देऊ शकतो, आणि तिथे स्ट्राइक, म्हणजे चॅनलवर नियमभंगाची नोंद, लागतो. 90 दिवसांत तीन स्ट्राइक म्हणजे चॅनल गेलं. चाल तुमची नाही हे तुम्हाला माहीत असताना हा जुगार कशाला?

जिथे चाल तुमची आहे, तिथे मात्र भांडा. एक प्रकार आमच्याकडे नेहमी घडतो. लूपच्या लायब्ररीतून ढोलकीचा किंवा पॅडचा तयार लूप, म्हणजे पुन्हा पुन्हा वाजवायचा तुकडा, घेतला जातो. तो लूप जगभर शेकडो जणांकडे असतो. त्यातला एखादा आपलं गाणं वितरकामार्फत (गाणी ॲपवर पोचवणाऱ्या कंपनीमार्फत) कंटेंट आयडीत नोंदवतो आणि मग यंत्राला वाटतं, लूप त्याचाच. माझ्या स्वतःच्या रचनेवर एका अनोळखी वितरकाचा असाच क्लेम आला होता. लूपचा परवाना, खरेदीची तारीख आणि प्रोजेक्ट फाइलचे स्क्रीनशॉट लावून डिस्प्यूट केला, मग तो सुटला. तेव्हापासून प्रत्येक प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये 'कागद' नावाचा एक पोटफोल्डर असतो. लूपच्या पावत्या, वादकांच्या सह्या, गीतकाराचा मेल, सगळं त्यात. कंटाळवाणं काम आहे, पण यंत्राशी वाद घालायला दुसरं काही हाताशी नसतं. आणि लूप वापरलेलं गाणं स्वतः कंटेंट आयडीत नोंदवू नका. बहुतेक वितरकांच्या अटींत ते मनाच असतं.

स्ट्रीमिंगचं लवकर उरकतो. तुम्ही खेळत असलेल्या गेमचं चित्रही कुणाच्या तरी मालकीचं आहे. तुमचा स्ट्रीम चालतो तो गेम कंपनीच्या मर्जीवर, कारण तिची जाहिरात होते. निन्टेन्डो या गेम कंपनीने 2015 ते 2018 या काळात अशा व्हिडिओंच्या कमाईत रीतसर वाटा घेतला आणि मग योजना गुंडाळली. पण गेम कंपनीची मर्जी मागे लावलेल्या गाण्याला लागू होत नाही. इतकंच काय, गेमच्या आत वाजणाऱ्या गाण्यालाही होईलच असं नाही. स्टुडिओने गाणं घेतलेलं असतं गेमसाठी, तुमच्या प्रक्षेपणासाठी नाही. 2020 मध्ये ट्विच या थेट प्रक्षेपणाच्या साइटवर स्ट्रीमरांवर व्हिडिओ काढून टाकण्याच्या नोटिसांचा पाऊस पडला, आणि त्याच वर्षअखेरीस आलेल्या 'सायबरपंक 2077' मध्ये परवान्याची गाणी बंद करण्याचं बटणच दिलं होतं. तुम्हीही गेमच्या सेटिंगमध्ये संगीत आणि आवाज यांचे स्लायडर वेगळे आहेत का बघा. मागे लावायला स्वतःची वाद्यरचना वापरा. संगीतकार आहात, फुकटात जाहिरात होईल.

इंटरनेटवर गाणं लावायला रेडिओसारखा ठरलेला सरकारी दर असेल, असंही समजू नका. विंक या गाण्यांच्या ॲपने कलम 31डी खाली तसा दावा केला होता. टिप्स ही संगीत कंपनी विरुद्ध विंक या खटल्यात मुंबई उच्च न्यायालयाने 2019 मध्ये सांगितलं की ते कलम रेडिओ आणि टीव्हीपुरतं आहे, इंटरनेटला लागू नाही. 2022 मध्ये खंडपीठानेही तेच कायम केलं. ऑनलाइन जगात दर ठरतो घासाघीस करून, आणि घासाघीस मोठ्यांनाच जमते.

आता गेम स्टुडिओचा करार. इथे थोडा वेळ काढून वाचा, कारण पुढची दहा वर्षं हेच काम वाढणार आहे असं मला दिसतं. पुण्यातच नॉडिंग हेड्स गेम्सने 'राजी' केला, 2020 मध्ये तो जगभर गेला. आपल्याकडच्या गोष्टी आणि आपल्याकडचा नाद यांना तिथे मागणी आहे.

'बायआउट' म्हटलं की आपल्याकडचे संगीतकार लगेच चिडतात, आणि चिडायला कारण आहे. चित्रपटसंगीतात एकरकमी पैसे घेऊन सगळं लिहून देणारी एक अख्खी पिढी म्हातारपणी रिकाम्या हाताने बसलेली आपण पाहिली आहे. म्हणूनच जावेद अख्तर आणि इतरांच्या रेट्यामुळे 2012 ची दुरुस्ती आली. चित्रपटगृहातलं प्रदर्शन सोडून बाकी वापरातल्या रॉयल्टीचा गीतकार-संगीतकाराचा समान वाटा आता त्याला सोडून देताच येत नाही. द्यायचा तर फक्त वारसांना किंवा कॉपीराइट सोसायटीला, म्हणजे आपल्या बाबतीत गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या आयपीआरएसला. तुम्ही अजून सदस्य नसाल तर आधी व्हा.

पण गेमचं गणित वेगळं आहे. गेम कुणी किती वेळा खेळला, त्यात तुमची चाल किती मिनिटं वाजली, हे रेडिओसारखं मोजून कुणी पैसे पाठवत नाही. खेळाडू घरी खेळतो, त्यातून सोसायटीकडे काही जमा होत नाही. शिवाय आपल्या कॉपीराइट कायद्यात 'व्हिडिओ गेम' हा शब्दच नाही. त्याचा कोड साहित्यकृती म्हणून बसतो आणि दृश्य भाग चित्रपटाच्या व्याख्येत बसवावा लागतो. तेव्हा रॉयल्टीच्या कलमाच्या भरवशावर राहू नका. जे हवं ते करारातच लिहून घ्या.

स्टुडिओला सगळं कायमचं का हवं, तेही समजून घ्या. 'ॲलन वेक' हा गेम 2017 मध्ये दुकानांतून काढावा लागला, कारण त्यातल्या गाण्यांचे परवाने संपले होते. नवे करार होऊन तो 2018 मध्ये परतला. 'जीटीए 4' च्या रेडिओवरची बरीच गाणी 2018 मध्ये, गेमला दहा वर्षं झाली तेव्हा, अपडेटमधून काढून टाकली गेली. ज्यांनी पैसे देऊन गेम घेतला होता त्यांच्याकडूनही. कॅसेटमधलं गाणं कंपनीला घरी येऊन पुसता येत नव्हतं, इथे येतं. कुठल्याही निर्मात्याला ही धास्ती असणारच. म्हणून त्या गेमसाठी मुदत कायमची द्या, जगभराची द्या. त्यावर भांडून तुमचं काम जाईल आणि हाती काही लागणार नाही. भांडायचं ते 'ऑल राइट्स' या दोन शब्दांवर.

कलम 18 आणि 19 इथे तुमच्या बाजूने आहेत. हस्तांतरण लेखी आणि सहीचं हवं. त्यात कुठली कृती, कुठले हक्क, किती मुदत, कुठला प्रदेश, किती मोबदला हे असायला हवं. मुदत लिहिली नसेल तर पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. ज्या माध्यमाचा किंवा पद्धतीचा करारात नावानिशी उल्लेख नाही आणि जी करारावेळी वापरातच नव्हती, तिला तो करार लागू होत नाही. एक खबरदारी घ्या. तुम्ही फ्रीलान्सर आहात की नोकर, हे करारात स्पष्ट असू द्या. नोकरीत असताना कामाचा भाग म्हणून केलेल्या कृतीचा पहिला हक्कदार, वेगळं ठरलं नसेल तर, नोकरी देणाराच असतो.

म्हणून माझा सल्ला असा. गेममध्ये वापरायचा हक्क कायमचा आणि जगभर द्या. गेमच्या ट्रेलरसाठीही द्या, ते रास्त आहे. गेमचा दुसरा भाग निघाला तर नव्याने मोबदला. दुसऱ्या उत्पादनाच्या जाहिरातीत तुमची चाल वापरायची झाली तर वेगळी परवानगी. अल्बम म्हणून संगीत प्रसिद्ध करायचा हक्क तुमच्याकडे, हवं तर गेम आल्यानंतर तीन महिन्यांनी. श्रेयनामावलीत नाव. दुरुस्त्या किती फेऱ्यांपर्यंत, ते आकड्यात. निम्मे पैसे आधी, आणि उरलेल्यांचा संबंध गेम प्रसिद्ध होण्याशी जोडू नका, कारण बरेच गेम प्रसिद्धच होत नाहीत. 40,000 ही रक्कम मला या अटींवर ठीक वाटते. सगळं लिहून घेणार असतील तर अपुरी.

उलट बाजूने स्टुडिओ तुमच्याकडून हमी लिहून घेईल की सगळं मूळ आहे, आणि दावा आलाच तर नुकसान तुम्ही भरणार. इथे एक खाच आहे जी चित्रपटवाल्यांच्या लक्षात येत नाही. सँपल लायब्ररीचा परवाना तुम्हाला त्यातले आवाज रचनेत मिसळून वापरायची मुभा देतो. सुटा आवाज तसाच देण्याची मुभा बहुतेक देत नाही. चित्रपटात सगळं मिसळूनच जातं. गेममध्ये तसं नसतं. तिथे संगीत एकेका वाद्याचा थर सुटा करून द्यावं लागतं, आणि तुमचा 'संबळ' नावाचा थर म्हणजे लायब्ररीतला एकच आवाज असेल, तर तुम्ही परवाना मोडलात. त्यातून वाचायचा सोपा उपाय म्हणजे खरा संबळवाला बोलवा. त्याला पैसे द्या आणि रेकॉर्डिंगच्या दिवशीच एक पानी संमतीवर सही घ्या, कारण वादकालाही कलाकार म्हणून हक्क आहेत. शिवाय वाजतंही चांगलं.

सुट्या थरांचं काम कसं चालतं ते सांगतो, म्हणजे तुम्ही नेमकं काय विकताय ते कळेल. खेळाडू जंगलात फिरतोय तोवर फक्त तानपुरा आणि स्वरमंडळ. शत्रू जवळ आला की हलगी सुरू. झुंज लागली की संबळ आणि ढोल. सगळे थर एका लयीत, एका पट्टीत, एकाच लांबीचे, आणि कुठला केव्हा उघडायचा ते गेम ठरवतो. लांबी निवडताना थोडं गणित करा. लय 96 बीपीएम (मिनिटाला 96 ठोके) आणि चार-चार ठोक्यांचे 16 बार घेतले, म्हणजे 64 ठोके, तर लूप बरोबर 40 सेकंदांचा होतो. 48 किलोहर्ट्झला, म्हणजे सेकंदाला आवाजाचे 48,000 नमुने घेतले तर, बरोबर 19,20,000 सँपल्स, तुकडा उरत नाही. 97 लय घेतलीत की अपूर्णांक आला, आणि थरांची लांबी कापताना थोडी कमी-जास्त झाली तर ते हळूहळू एकमेकांपासून सरकायला लागतात. दुसरी अडचण गुंजेची. शेवटच्या ढोलाचा रिव्हर्ब 40 सेकंदांच्या पुढे जातो. फाइल तिथे कापली तर प्रत्येक फेरीला तो गपकन तुटतो. म्हणून लूप सलग दोनदा वाजवून एक्स्पोर्ट करायचा आणि फक्त दुसरी फेरी वेगळी काढून द्यायची. पहिल्या फेरीची गुंज दुसरीच्या सुरुवातीला आपोआप बसलेली असते. एमपी3 तर देऊच नका. त्याचा एन्कोडर फाइलच्या दोन्ही टोकांना थोडी शांतता चिकटवतो आणि दर फेरीला समेवर ठेच लागते. वेव्ह द्या, मोबाइलसाठी लहान करायची तर ओजीजी.

म्हणजे तुमच्या हातून जातं ते एक गाणं नसतं, गाण्याचे सुटे भाग असतात. त्यातून तिसऱ्याच माणसाला नवं गाणं जुळवता येतं. 'ऑल राइट्स' धोक्याचं ते यासाठी. अल्बमसाठी तुम्ही त्याच थरांची तीन-चार मिनिटांची सलग रचना करा, तिला वेगळा आयएसआरसी (ध्वनिमुद्रणाचा ओळख) क्रमांक घ्या. गेममधल्या सुट्या फाइल कुठेही नोंदवू नका, नाहीतर गेमचे स्ट्रीमर तुमच्याच क्लेममध्ये अडकतील आणि स्टुडिओ तुम्हाला फोन करेल.

एआयबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण करारात ते येणार. आवाजाच्या नकलेबाबत मुंबई उच्च न्यायालयाने 2024 मध्ये अरिजित सिंग यांना अंतरिम संरक्षण दिलं, 2025 मध्ये आशाताईंनाही. ते ओळखीच्या आवाजांचं झालं. तुमचा-माझा आवाज किंवा संबळवाल्याचा हात कोण ओळखणार? आपल्याला संरक्षण देईल तो फक्त करार. सुटे, स्वच्छ, नावं दिलेले थर हे एआयला शिकवायला अगदी तयार खाद्य आहे. म्हणून प्रशिक्षणासाठी वापर नाही, हे स्पष्ट लिहा. मोघम 'सद्य आणि भावी तंत्रज्ञान' असे शब्द दिसले तर खोडा.

अल्बममधून पैसे किती, तर सुरुवातीला नगण्य. स्पॉटिफाय 2024 पासून वर्षात 1,000 पेक्षा कमी वेळा वाजलेल्या गाण्याला काहीच देत नाही, आणि मराठी वाद्यसंगीताला तो आकडाही सोपा नाही. तरी हक्क ठेवाच. पुढच्या स्टुडिओला काम दाखवायला तुमच्या नावावर अल्बम लागतो.

स्टुडिओला पाठवायचा मजकूर असा ठेवा: 'संगीतकार सदर संगीत या गेममध्ये, त्याच्या अपडेटमध्ये आणि त्याच्या ट्रेलरमध्ये वापरण्याचा कायमस्वरूपी, जागतिक परवाना देत आहे. अन्य गेम, अन्य उत्पादनांच्या जाहिराती, स्वतंत्र ध्वनिमुद्रण म्हणून प्रकाशन आणि यंत्र-प्रशिक्षण यांचे हक्क संगीतकाराकडे राहतील. कॉपीराइट सोसायटीमार्फत मिळणाऱ्या कर्त्याच्या रॉयल्टीवर या कराराचा परिणाम होणार नाही.' ते बहुधा म्हणतील की हेच संगीत दुसऱ्या कुठल्या गेमला देऊ नका. तेवढं मान्य करा. अल्बमवर अडले तर वाटा निम्मा-निम्मा करा. यंत्र-प्रशिक्षणाच्या ओळीवर अडले तर मात्र का हवंय ते लेखी विचारा, आणि उत्तर येईपर्यंत थर पाठवू नका. तोवर ऐकायला फक्त मिसळलेला एमपी3 द्या.